रंगाचा नमुना

१

उभा जन्म मी रंगाच्या दुकानात काढला. रंग विकायला नव्हे, मिसळायला. गिऱ्हाईक हातात अभ्र्याची चिंधी नाहीतर जुन्या दाराचा टवका घेऊन यायचं आणि म्हणायचं, "अगदी हाच पाहिजे." तो देणारा मी. आता ते काम मशीन करतं, आणि मशीनशी हुज्जत घालता येत नाही, म्हणून मी घरी बसलो.

दुकानात माझा कायदा एकच होता. रंग डोळ्यांत धरून आणायचा नाही. "आमच्या पडद्यासारखा निळा" असं कोणी म्हणालं की मी हात जोडायचो. घरून निघताना तो निळा एक असतो आणि दुकानाच्या पायरीशी येईपर्यंत दुसराच होतो. रंगाच्या बाबतीत आठवण हमखास थापा मारते. म्हणून नमुना आणा, नखाएवढा का होईना, पण नमुना आणा.

माझ्या लेकीनं हे फारच मनावर घेतलं होतं. लहानपणी तिच्या फ्रॉकचा खिसा उलटा केला की गोळ्यांचे कागद, बटणं, फुटक्या बशीचे तुकडे, कुणाच्या तरी स्वेटरचा धागा असं काय काय पडायचं. आवडलेल्या रंगाचा तुकडा खिशात टाकल्याशिवाय ती पोर जागची हलायची नाही. कोणाचाही, न विचारता. आणि ही, म्हणजे माझी बायको, कपाळाला हात लावायची. "घरात एक नमुना होता तो काय कमी होता?" असं म्हणायची. पहिला नमुना म्हणजे मी.

ही गेल्या हिवाळ्यात गेली. मला सांगायचं आहे ते तिच्या झाडाबद्दल.

२

झाड मेपलचं. बुटक्या जातीचं, कुंडीत वाढणारं, माझ्या कमरेएवढं. पानं तान्ह्या बाळाच्या पंजासारखी, बोटं पसरलेली. रोपवाटिकेत त्याच्या फांदीला एक चित्र बांधलेलं होतं: पानगळीच्या दिवसांत पेटल्यासारखं लाल-केशरी झालेलं झाड. त्या चित्रावर भाळून हिनं ते घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं राणीसरकार.

राणीसरकारांनी हिच्यादेखत कधी रंग दाखवला नाही. दर वर्षी पानं हिरव्याची थेट तपकिरी व्हायची आणि गळायची. मी चिडवायचो, "आल्या बघ तुझ्या सरकार, चहाचा चोथा नेसून." ही म्हणायची, "पुढच्या वर्षी बघा." शेवटी शेवटी, बोलायलाही धाप लागत होती तेव्हा, हिनं विचारलं, "रंग आला का?" मी म्हटलं, "नाही गं." तर म्हणाली, "येईल तेव्हा तुम्ही तरी बघा. माझ्या वाटचा." हिनं माझ्याकडे मागितलेलं हे शेवटचं.

म्हणून यंदा मी हट्टाला पेटलो. रोपवाटिकेत जाऊन त्या झाडवाल्याला गाठलं. तो दाढी खाजवत म्हणाला, "लाड करता तुम्ही. उबेला ठेवत असाल, पाणी भसाभस ओतत असाल. आता खत बंद. पाणी बेतानं. गॅलरीत ठेवा, चांगली थंडी लागू द्या. रंग आपोआप येतो."

"आपोआप म्हणजे कुठून येतो?" मी विचारलं. धंद्याची सवय.

"पिवळा आधीपासून पानात असतोच, हिरवा उतरला की दिसतो. लाल मात्र झाड त्या वेळेला बनवतं."

"कशापासून?"

तो हसला. "ते झाडाला विचारा. मिळेल त्याच्यापासून."

मी तसं केलं. कुंडी गॅलरीत, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. रोज सकाळी चहा घेऊन बाहेर जायचं, मातीत बोट घालून ओल बघायची, कुंडी जराशी फिरवायची म्हणजे सगळ्या बाजूंना ऊन लागतं, आणि मग आत येऊन बसायचं. बसायचं म्हणजे बसायचंच. दिवसभरात मी मोठ्यानं बोललेलं वाक्य कधी कधी तेवढंच असायचं: "काय सरकार, झोप झाली?"

३

एके सकाळी सगळ्यात खालच्या फांदीवर एक पान पिवळं झालेलं दिसलं.

"आला गं रंग!" मी ओरडलो आणि आत वळून पाहिलं. आत कोण असणार, कप्पाळ! पण आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चहा निवून गेला तरी मी तिथंच उकिडवा बसून होतो.

मग डोळा आपलं काम करू लागला. पिवळे शेकडो असतात. हा लिंबाचा नव्हता, हळदीचाही नव्हता. पिवळ्यात जरासा विटकरी आणि चिमूटभर पांढरा टाकला की हा होतो. हे मला इतकं पक्कं कसं माहीत, असा विचार केला आणि हसूच आलं. हा मीच बनवला होता. या घरात राहायला आलो तेव्हा हिच्या स्वयंपाकघरासाठी. ही स्टुलावर चढून भिंतीवरचे पट्टे बघायची आणि दर वेळी म्हणायची, "अजून थोडा उबदार." मी वैतागून विचारलं होतं, "उबदार म्हणजे काय? भिंतीला ताप आणू?" शेवटी तो जमला. दुसरीकडे कुठे हा रंग नाही, कारण मी तो पुन्हा कोणालाच दिला नाही.

मी ते पान खुडलं आणि आत नेऊन भिंतीला लावलं. जुळतंय का ते बघायला, दुसरं काही नाही.

जुळलं नाही. पान भिंतीपेक्षा कितीतरी उजळ होतं. म्हणजे खरं तर पान जसं असायला हवं तसंच होतं. भिंत विटली होती. नुसती विटली नव्हती, आजारी माणसाच्या जिभेसारखी पांढुरकी पडली होती, आणि मी रोज तिच्यासमोर बसून ब्रेड खात होतो तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्हटलं, वाफ. म्हटलं, ऊन. म्हटलं, म्हाताऱ्या, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला असेल. पान एका बशीत ठेवलं, ती बशी फडताळात ठेवली, आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

४

वरच्या फांद्या आता लाल होऊ लागल्या. एक फांदी जर्द डाळिंबी झाली. तो डाळिंबी मी बघताक्षणी ओळखला आणि आत वळलो. दाराच्या खुंटीला हिचा स्वेटर लटकत होता. हिनंच विणलेला. ही गेल्यापासून मी तो तिथून हलवला नव्हता. येता-जाता बाहीला हात लागला की बरं वाटायचं.

स्वेटर राखाडी झाला होता.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कापड उन्हानं विटतं ते बाहेरून. शिवण उसवून आत बघा, कॉलरखाली बघा, तिथं मूळ रंग नव्यासारखा लपून असतो. गिऱ्हाईक विटका सोफा दाखवायचं तेव्हा मी शिवणीच्या आतलं सूत ओढून नमुना घ्यायचो. ऊन तिथं पोचत नाही.

मी कात्री आणली आणि बगलेतली शिवण उसवली. आत राखाडी. जोड फाकवला. तिथंही राखाडी. बटणाखालचा बटणाएवढा गोल, तोही राखाडी. मी तसाच स्वयंपाकघरात धावलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. बारा महिने त्याच्या मागं ऊन नाही, वाफ नाही. तिथला चौकोन निदान माझ्या रंगाचा असायला हवा होता. नव्हता. भिंत इथून तिथून सारखीच पांढुरकी होती.

तेवढ्यात फोन वाजला. लेक दूरच्या शहरात असते. नवरा, नोकरी आणि आमची नात, छोटी. फोनवर तोंड दिसल्याशिवाय तिचं समाधान होत नाही.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"खोटं. आणि असे पांढरेफटक काय दिसताय? बरं नाहीये का?"

"तुझ्या फोनचंच काहीतरी आहे," मी म्हटलं. "सगळ्यांना फिकं दाखवतो."

"इकडे या ना बाबा राहायला. किती वेळा सांगू? तिथं आता कोण आहे तुमचं?"

मी गॅलरीकडे पाहिलं. वारा सुटला होता आणि डाळिंबी फांदी हलत होती. स्वेटर खुंटीला कधी असा हलला नव्हता. ही अंगात घालून इकडून तिकडे जायची तेव्हा मात्र हलायचा.

"बघू," मी म्हटलं.

५

माणसाच्या हातात काम आलं की विचार करावा लागत नाही. मी माळ्यावरचे जुने डबे काढले. पिवळा, विटकरी, पांढरा. आणि नमुना होताच, बशीतलं पान.

फडताळ उघडलं. पान जसंच्या तसं होतं. सुकलं नव्हतं, कडासुद्धा वळल्या नव्हत्या. खुडलेलं पान इतके दिवस ताजं कसं, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता, पण मी बशीकडे बघत राहिलो. तिला निळी किनार होती. आमच्या सगळ्याच बशांना आहे. या बशीची किनार गेली होती, आणि पानाच्या देठाशी, जिथं ते बशीला टेकलं होतं तिथं, निळसर झाक होती.

ते पान मी चिमट्यात धरून गॅसवर जाळलं. धूर काही विशेष आला नाही.

आणि तरीही मी भिंत रंगवली. खुळेपणा म्हणा हवं तर. आता नमुना झाडावरच होता, तसली आणखी दोन-तीन पानं पिवळी झाली होती. गॅलरीचं दार उघडं टाकून, पानाकडे बघत मी रंग मिसळला, आणि जमला हो, अगदी तोच जमला. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा स्वयंपाकघर पुन्हा हिचं झालं होतं. मी स्टुलावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. फार एकटं वाटतं, हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या भिंतीला सांगितलं.

सकाळी भिंत पांढरी होती, आणि खालच्या सगळ्या फांद्या पिवळ्याधमक. म्हणजे मी काय केलं होतं? झाडाला जेवू घातलं होतं.

कुंडी उचलली आणि जिन्याकडे निघालो. खाली कचऱ्याच्या पिंपाशी ठेवून द्यायची, कोणी उचलून नेलं तर नेलं. पहिल्या वळणावर दम लागला म्हणून कुंडी टेकवली. जिन्याच्या खिडकीतून झुळूक आली आणि पानं सळसळली. पिवळा, डाळिंबी, मधूनच तो बशीचा निळसर, आणि एक कोवळा हिरवा, हिच्या चपलांच्या पट्ट्यांचा. सगळे एकत्र. माझ्याकडे खुंटीवर आणि भिंतीवर जे मेलेलं पडलं होतं ते इथं हलत होतं.

मी कुंडी पुन्हा वर आणली. दुसरं काय करणार होतो?

६

त्यानंतर मी अडवणं सोडून दिलं. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचो. घरातला रंग ओसरत गेला, उशा, पडदे, दाराचा बाटलीसारखा हिरवा, आणि झाड असं फुललं की खालून जाणारे लोक थबकून वर बघायचे. कोणीतरी ओरडून विचारलंही, "खत कोणतं घालता हो?" मी हात हलवला. हात हलवताना माझा हातच मला दिसला. नखांखाली माणसाला गुलाबी असतं. माझ्या नखांखाली शिळ्या पिठाचा रंग होता. म्हटलं, जाऊ दे. मला कोणासाठी तजेलदार दिसायचं आहे?

झाडाकडे सगळं होतं, एक सोडून.

हिचा एकच फोटो असा होता ज्यात चेहऱ्याचा रंग खरा आला होता. बाकीच्यात फोटोवाल्यांनी हिला गोरी करून ठेवलेलं. या एका फोटोत तो गव्हाळ, गालांवर येणारी तांबूस झाक, ओठांशेजारचा तीळ, सगळं जसंच्या तसं. तो फोटो मी कपाटात, कापडात गुंडाळून ठेवला होता. उजेड लागू नये म्हणून.

मला कळत होतं मी काय करतोय ते. पण आठवण थापा मारते. हिचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेलो की तो रोज थोडा वेगळा यायचा. आणि झाड थापा मारत नव्हतं. दुपारी मी फोटो कापडातून काढला आणि कुंडीला टेकवून ठेवला. तोंडानं पुटपुटत होतो, "जरा सोबत बसू दे दोघांना."

ऊन कलेपर्यंत मी फोटोकडे मुद्दाम बघितलं नाही. बघितलं तेव्हा तो कोरा कागद होता.

झाडाच्या मध्यावर, जिथं सकाळपर्यंत जुनी हिरवी पानं होती, तिथं गव्हाळ पानं आली होती. एकावर एक. काहींना तांबूस झाक होती. एका पानावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. नुसती पानं होती ती, सुटी सुटी. मग वारा आला, पानं एकमेकांवर सरकली, आणि एक क्षण सगळं आपापल्या जागी बसलं.

मी म्हटलं, "आला गं रंग."

वारा पडला. पुन्हा नुसती पानं. पण ती वळली होती. सगळी माझ्याकडे.

७

लेक न सांगता आली. रविवारी सकाळी दारावर थाप पडली आणि मी उघडलं तर समोर ही पोर, गळ्यात केशरी मफलर, हातात पिशवी. तिनं मला बघितलं आणि तिच्या हातातली पिशवी खालीच पडली.

"बाबा! अहो, अंगात रक्त आहे की नाही? काय करून घेतलंय हे?" मग तिनं खोलीभर नजर फिरवली. "आणि घराला काय झालंय? पांढरं फासलंय का सगळीकडे? ते काही नाही, आज तुम्हाला घेऊनच जाणार मी. छोटी वाट बघतेय. आजोबांसाठी खोली आवरून ठेवलीय तिनं."

खरं सांगतो, मला जायचं होतं. त्या क्षणी, तिच्या तोंडून 'छोटी वाट बघतेय' ऐकल्यावर, मला इतकं जायचं होतं की मी बूट शोधायला वळलो. तेवढ्यात ती गॅलरीत गेली.

"अगं बाई! आईचं झाड! बाबा, रंग आला! मला बोलला नाहीत!"

मी वळेपर्यंत ती कुंडीपाशी वाकली होती. आमची लेक दिसायला माझ्यावर गेली असली तरी वर्ण हिचा आहे. तोच गव्हाळ, तीच गालांवरची झाक. सगळे म्हणायचे, आईचा रंग उचललाय पोरीनं. वारा अजिबात नव्हता. समोरच्या गॅलरीतले कपडे दोरीवर सरळ लटकत होते. आणि झाडाची पानं एकेक करून तिच्याकडे वळत होती.

मफलरची टोकं झाडाच्या बाजूला लोंबत होती. मी बघत असताना त्यांचा रंग उतरला. चहात दूध ओतावं तसा, टोकाकडून वर. केशरी, बदामी, मोतिया. लेकीला काही कळलं नाही, ती आपली हात लांबवून बोलतच होती, "हा रंग बघा बाबा, हा तर अगदी..."

मी तिचा दंड धरला आणि ओढलं. जोरात ओढलं. ती खुर्चीला धडकली.

"नीघ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता नीघ इथून."

"बाबा, लागलं मला!"

"नीघ म्हणतो ना! कोणी बोलावलं होतं तुला?"

मी तिला दारापर्यंत लोटत नेलं, पिशवी बाहेर ठेवली आणि कडी घातली. जन्मात कधी त्या पोरीवर हात उगारला नव्हता मी. ती बाहेर उभी राहिली. दाराला कपाळ टेकवलं असावं, कारण आवाज अगदी जवळून येत होता. "बाबा, मी नकोय का तुम्हाला? आई गेली तर मीपण नको झाले का?"

मी आतून दाराला पाठ लावून बसलो आणि तोंडात मूठ घातली. काय सांगणार होतो? बोललो असतो तर तिनं दार फोडून आत शिरून मला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि तेवढा वेळ ती त्या झाडासमोर राहिली असती. थोड्या वेळानं जिन्यावर तिची पावलं वाजली. उतरताना ती रडत होती, हे जिन्यात घुमलेलं ऐकलं मी. पण ती जाताना धडधाकट, आपल्या आईचा रंग तोंडावर घेऊन गेली. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

८

मग पानगळ झाली. एका सकाळी वारा जोराचा आला आणि झाड झडलं. गॅलरीभर पानं. मी धावलो, ओंजळीत घेतली, पण आपोआप झडलेलं प्रत्येक पान राखाडी होत होतं, खुडलेल्यासारखं टिकत नव्हतं. पिवळा गेला, डाळिंबी गेला. गव्हाळ पानं मी शर्टाच्या आत घातली. काढून बघितली तर राख.

हिला मी दुसऱ्यांदा घालवलं होतं, आणि या वेळी नमुनाही शिल्लक नव्हता.

झाडवाला म्हणाला होता, पानं गेल्यावर घाबरू नका, फांदी नखानं जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत. तपकिरी दिसलं तर मेलं. मी मेलं असावं अशी आशा धरून खरवडलं. आता त्याला खायला काय होतं? घरात पांढऱ्या-राखाडीखेरीज काही उरलं नव्हतं. माझ्यातही काही उरलं नव्हतं, आरशात बघायचं मी सोडलं होतं. ते उपाशी मरायला हवं होतं.

सालीखाली हिरवं निघालं. ओलं, रसरशीत, कोवळं हिरवं. असा तजेला मी त्या झाडात कधीच पाहिला नव्हता.

मी नख तसंच धरून उभा राहिलो. हे कुठून मिळत होतं याला?

आत फोन वाजू लागला.

९

लेकच होती. डोळे सुजलेले, पण हसत होती. आमची पोर मनात धरून ठेवत नाही. हिच्यासारखी.

"बाबा, मी रागावलेय अजून, पण बोलल्याशिवाय राहवेना. ऐका, तुम्हाला एक सांगायचं होतं. तुम्ही मला ओढलंत ना, त्याच्या आधी मी एक पान खुडलं होतं. खिशात राहिलं. आईच्या गालाचा रंग आहे बाबा, अगदी तोच! तुम्हीच शिकवलंत ना, डोळ्यांत धरायचं नाही, नमुना घ्यायचा." तिनं ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "आणि गंमत म्हणजे सुकतच नाहीये. उलट रोज जास्त रंगतंय. छोटीला इतकं आवडलंय, रात्री उशीजवळ घेऊनच झोपते. आजीचं पान म्हणते."

पानाच्या मध्यभागी एक गुलाबी डाग होता. तो हिच्या रंगाचा नव्हता. असा गुलाबी मला दुकानात कधी जमला नाही. तो लहान मुलांच्या गालांखेरीज कुठे नसतो.

"जाळ ते," मी म्हटलं.

"काय?"

"जाळ! आत्ता, गॅसवर धर. छोटी कुठंय? छोटीला दाखव मला!"

"ओरडता काय बाबा? इथंच आहे ती. ये गं, आजोबा बोलवतायत."

फोन हलला, छत दिसलं, पडदा दिसला, निळा, आणि मग छोटीचं तोंड समोर आलं. मी फोन डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ आणला.

"काय झालं?" लेक हसत म्हणाली. "फिकी दिसतेय ना? तुमच्या फोनचंच काहीतरी आहे. सगळ्यांना फिकं दाखवतो."

"छोटी," मी म्हटलं, "बाळा, अंधारात नको उभी राहू. खिडकीपाशी ये. उजेडात ये बघू जरा."

"अहो बाबा," लेक म्हणाली, "ती खिडकीपाशीच उभी आहे."